नऊ आणि बारा

जरा जवळ सरकून बसा, मायबाप. कीर्तनाला उशिरा आलेल्यालाही मंडळी गुडघे आवरून जागा देतात, तशी द्या एकमेकांना. गोष्ट लांबची नाही. बडनेऱ्यातली आहे, दहा लोखंडी दांड्यांची आहे, आणि तिच्यात वाईट माणूस एकही नाही. म्हणूनच ती सांगायला जड जाते. ऐकून झाली की एक मागणं मागणार आहे, तेवढं पदरात घाला.

मोतीराम तायड्यांनी दहावा स्टड काचेवर उभा केला, कमरेत वाकले आणि एक डोळा मिटून काचेच्या पातळीवरून पाहू लागले. काच जुन्या शोकेसची होती, गॅरेजच्या बाकड्यावर आडवी ठेवलेली. तिच्यावर बोटाएवढे जाड, वीतभर लांब, दोन्ही टोकांना आटे असलेले दहा दांडे उभे होते. इंजिनावरचं जड झाकण, ज्याला सगळे हेड म्हणतात, ते याच स्टडवर बसतं आणि वरून नट आवळले की जागच्या जागी राहतं. पकड सुटली की मधलं गॅस्केट, झाकणाखालचा पातळ पत्रा, जातं, पाणी तेलात उतरतं, आणि गाडी असेल तिथे उभी राहते.

ही गाडी अठरा दिवसांपूर्वी मुर्तिजापूरच्या पुढे उभी राहिली होती.

"सात बराबर," मोतीराम म्हणाले. "हे तीन उंच आहेत. नखभर. चष्मा लावा न भगवंतराव, का कीर्तनातल्यासारखं डोळे मिटूनच पाहता?"

भगवंतरावांनी चष्मा लावला नाही. गॅरेज त्यांचं होतं, हेडही त्यांनीच बसवलं होतं. ते फडक्याला हात पुसत होते, आणि हात केव्हाच कोरडे झाले होते.

"अन् हे पाहा, कंबरेत बारीक झाले तिन्ही," मोतीराम बोलत राहिले. सरकारी वर्कशॉपात त्यांची छत्तीस वर्षं इंजिनं उघडण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावरही कुठे हेड उतरलं की ते न बोलावता येऊन बसत. आज मात्र त्यांना बोलावलं होतं. "लोखंड ताणलं गेलं. रबर ताणून सोडलं त मागं येते. हे एका हद्दीपर्यंत येते. हद्द सुटली की मंग नाही येत."

दारातल्या टायरवर कुलदीप बसला होता. गाडीचा मालक तोच आणि ड्रायव्हरही तोच. दहाव्याच्या दिवशी काढलेले डोक्यावरचे केस आता तांदळाएवढे उगवले होते. त्याच्यासमोरचा चहा सायीनं झाकला गेला होता.

ही गाडी त्यानं आईसाठी घेतली होती. मैनाबाईंच्या किडन्या गेल्या, अमरावतीत डायलिसिसच्या मशीनचा नंबर लागेना, लागला तो अकोल्याला. सोमवार आणि गुरुवार. मग बडनेऱ्यातली, आजूबाजूच्या खेड्यांतली आणखी चार माणसं त्याच मशीनची निघाली. मोतीरामांची बायको इंदूबाई त्यांतलीच. सकाळी सहाला गाडी निघायची, दुपारनंतर पाचही जणांना पिळलेल्या कपड्यासारखं घेऊन परत यायची. डिझेलपुरतं जो तो काही देई, न देई. कुलदीप विचारत नसे.

त्या सोमवारी मे महिन्याचं ऊन होतं. मुर्तिजापूर सोडताना गरमीचा काटा वर सरकलेला कुलदीपनं पाहिला होता. पुढे सहा किलोमीटरवर बॉनेटमधून वाफ आली आणि इंजिन बंद पडलं. अँब्युलन्स यायला दीड तास लागला. शेजारच्या धाब्यावरची माणसं भली होती. कोणी खाट आणली, कोणी ओला टॉवेल. आणि जो तो पाण्याचा ग्लास घेऊन मैनाबाईंजवळ वाकत होता. घ्या माय, पाणी घ्या. गुरुवारपासून सोमवारपर्यंत अंगात साचलेलं पाणी आधीच छातीपर्यंत चढलं होतं. पाणीच तर तिला चालत नव्हतं. इंदूबाई ग्लास दूर सारत होत्या. पण त्यांचीही मान उन्हानं एकदा कलली, आणि तेवढ्यात कोणीतरी मायेनं मैनाबाईंना दोन ग्लास पाजले. अँब्युलन्स आली तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आता उरलेले चौघं रेल्वेनं अकोल्याला जात. मागच्या गुरुवारी परतीच्या वेळी त्यांच्यातला एक जण बडनेऱ्याच्या पुलाच्या पायऱ्यांवर बसला तो उठेना. हमालांनी उचलून रिक्षात घातला. म्हणून कुलदीप आला होता. गाडी चालू करा, म्हणाला. सोमवारी निघायचं.

"हे सात त चांगले आहेत न?" तो टायरवरूनच म्हणाला. "तीन नवे टाका. नाहीतर हेच दहा लावून द्या. मी हळू चालवतो. चुकी गाडीची नव्हतीच. मी काटा पाह्यला होता. म्हटलं, अकोला येऊनच राह्यलं आता."

हे वाक्य तो अठरा दिवस भेटेल त्याला सांगत होता. तेरवीच्या पंगतीत वाढतानाही त्यानं ते कोणाकोणाला सांगितलं होतं.

मोतीरामांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी एक स्टड उचलला, आट्यांवरून नख फिरवलं. नखाला काळी चकाकी लागली.

"भगवंतराव, पान्यावर नंबर काय ठेवला होता?"

भगवंतरावांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. हेड उतरवताना त्यांनी हे तीन नट सोडले होते, तेव्हाच त्यांच्या हाताला कळलं होतं. जिथे अंगचा भार टाकावा लागतो तिथे ते मनगटानं सुटले होते. तेव्हापासून ते खिशातला कागद दिवसातून कितीदा तरी चाचपत. देवळात टाळ घेऊन उभं राहायचंही त्यांनी बंद केलं होतं. बुवांनी निरोप पाठवला तेव्हा गुडघा दुखतो म्हणून कळवलं.

"मालच खराब असन," कुलदीप एकदम म्हणाला. तो उठून बाकड्याशी आला. काचेवरच्या तीन उंच दांड्यांकडे त्यानं पाहिलं, मग भगवंतरावांकडे. "एकाच डब्यातले दहा, अन् तीनच कसे वाढले? माल खराब निघाला. असंच झालं न काकाजी? म्हणजे मी थांबलो असतो, नसतो, तरी झालंच असतं. तुमी एकडाव म्हणा फक्त."

अठरा दिवसांत पहिल्यांदा त्या पोराच्या आवाजाला धार आली होती. एक 'हो' पुरेसा होता. त्या एका शब्दानं तोही सुटला असता आणि भगवंतरावही. दूरच्या कोण्या कारखान्याचं काय जाणार होतं? मोतीरामांनी हातातला स्टड काचेवर ठेवला आणि ते खाली जमिनीकडे पाहत राहिले.

"माल चांगला होता," भगवंतराव म्हणाले.

त्यांनी खिशातला कागद काढला. घड्यांवर तो आता फाटायला आला होता. स्टडच्या डब्यात माल बनवणाऱ्यांनीच घातलेला कागद. त्याच्यावर दोन ओळी होत्या. साधं इंजिन ऑइल लावून आवळायचे असतील तर बारा किलोचा जोर. डब्यातल्या पाकिटातलं काळं मलम लावणार असाल तर नऊ.

मोतीरामांनी कागद हातभर लांब धरून वाचला.

"काय लावलं होतं?"

"मलम."

"अन् नंबर?"

"बारा."

वरचा पंखा एका पात्यानं कशाला तरी घासत फिरत होता. कुलदीपला काही समजलं नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मोतीरामांनी त्याला समजावून सांगितलं, शाळेत गणित सांगावं तसं, सावकाश.

"हे पाय बाबू. मलम लय गुळगुळीत. नट अडत नाही, घसरत जाते. म्हणून तेल लावून बारावर जितका ताण येते, तितका मलम लावून नऊवरच येते. मलम लावून बारावर ओढलं, त दांडा हद्दीच्या पुढं जाते. त्या दिवशी काहीच दिसत नाही. महिने दोन महिने चालतेही गाडी. मंग कधी एका उन्हात, जिथं गरमी जास्त तिथले तीन आधी पकड सोडतेत."

"इंग्रजी कागद आहे," कुलदीप म्हणाला. तो अजूनही कुठेतरी वाट शोधत होता, आणि ती फक्त स्वतःसाठी नव्हती. "वाचता नसन आला तुमाले."

"वाचला होता."

"दोन्ही ओळी?"

"दोन्ही."

"मंग काहून?"

भगवंतराव बाकड्याला टेकले. या प्रश्नाचं उत्तर त्यांनी अठरा दिवस मनात शंभरदा मांडलं असेल, पण तोंडातून बाहेर येताना ते मुलाच्या उत्तरासारखं झालं.

"मले नऊ कमी वाटला."

फेब्रुवारीतली गोष्ट, हेड बसवलं त्या दिवसाची. गावात सप्ताह चालू होता, दुसऱ्या दिवशी काल्याचं कीर्तन. भगवंतराव टाळकरी तर होतेच, पण गाव त्यांना ओळखायचं ते महाप्रसादाच्या पंगतीतला वाढपी म्हणून. पानावर आडवा हात धरून माणूस पुरे, पुरे म्हणे, आणि भगवंतराव त्या हातावरून वरणाची आणखी एक पळी घालत. देवाच्या दारी मोजून वाढायचं नसतं, असं ते म्हणत. बायाबापड्या हसत, पोरं त्यांच्याच ओळीत बसायला धावत. त्या दिवशी मैनाबाई इथेच स्टुलावर बसल्या होत्या, मशीनच्या सुयांनी गाठी आलेला हात मांडीवर ठेवून. त्यांना कपभर चहाही जास्त होई म्हणून भगवंतरावांनी बशीत दोन घोट दिले होते. तेही त्यांनी पुरवून पुरवून घेतले. आणि मग भगवंतरावांनी कागद वाचला. नऊ. बारा. नऊ हा आकडा त्यांना कद्रू वाटला. बिमार माणसांची गाडी. त्यांनी पान्याची मूठ फिरवून बारावर आणली, आणि दहाही नट मन लावून ओढले. ओढताना तोंडानं नामस्मरण चालू होतं.

"तुह्या मायची गाडी होती," ते म्हणाले. "म्हटलं, थोडं जास्तच असू दे."

कुलदीपनं कागद उचलला. तो त्याला वाचता येत होता की नाही कोण जाणे, बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिला.

"म्हणजे मुर्तिजापूरले थांबलो असतो..." त्यानं मोतीरामांना विचारलं. "मोतीराम काका, खरं सांगा. तिथं थांबलो असतो त माय राह्यली असती?"

मोतीरामांनी चष्मा काढला. ते खोटं बोलू शकले असते. त्यांची स्वतःची बायको त्याच गाडीतून जिवंत परत आली होती, आणि परत त्याच गाडीत बसणार होती.

"गाडी त जाणारच होती, बाबू. ते तुह्याकडं नाही. बाकीचं मले सांगता येत नाही."

कुलदीपनं मान हलवली. कागदाची घडी घालून तो स्वतःच्या खिशात ठेवला.

"दहाचे दहा नवे मागवा," तो म्हणाला आणि गेला. चहा तसाच राहिला.

नवे स्टड नागपूरहून यायला पुढचा शनिवार उजाडला. मोतीराम सकाळीच आले होते. कुलदीप येईल की नाही हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नव्हतं. तो आला, आणि परत त्याच टायरवर बसला.

गॅस्केट बसलं, हेड बसलं, आट्यांना काळं मलम लागलं. भगवंतरावांनी टॉर्क पाना, ठरवलेल्या जोरावर कट् वाजणारा, मोतीरामांसमोर धरला.

"तुमीच ओढा, मोतीराम भाऊ. माह्या हाताचा भरोसा नाही."

मोतीराम हात पुढे करणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"नाही. त्यायलेच ओढू द्या."

मग कुलदीपनं खिशातला कागद काढला आणि दुसरी ओळ मोठ्यानं वाचली. वाचता येत होतं त्याला. मोतीरामांनी मूठ फिरवली, आकडा नीट पाहिला, कुलदीपलाही दाखवला. पहिला फेरा चारवर, मधल्या नटापासून बाहेरच्या बाजूला. दुसरा सातवर. मग नऊ.

पान्यानं कट् असा आवाज केला, आणि भगवंतरावांचा हात तिथे थांबेना. दांड्यात अजून जागा होती, हाताला ती कळत होती. खांदा, कोपर, मनगट, सगळं एवढंसंच आणखी मागत होतं. कपाळावरचा घाम भुवईत उतरला.

"पुरे," मोतीराम म्हणाले.

भगवंतरावांनी हात काढून घेतला. पुढचा नट. कट्. पुरे. पुढचा. दहा वेळा मोतीरामांनी तेच म्हटलं, आवाज न चढवता, आणि दहाव्या नटापर्यंत भगवंतरावांच्या ओठांवर नाम नव्हतं, काहीच नव्हतं.

इंजिन लागलं. आवाज स्वच्छ होता. कुलदीपनं ते दहा मिनिटं ऐकलं, बंद केलं आणि भगवंतरावांच्या समोर येऊन उभा राहिला. तो ओरडेल असं वाटलं होतं. अठरा दिवसांचे आता सव्वीस दिवस झाले होते, आणि तो एकदाही ओरडला नव्हता.

"सोमवारी सहाले निघते गाडी," तो म्हणाला. "तुमीही बसायचं."

"मी?"

"माय बसे तिथं. जायचं अन् यायचं. सोमवारी अन् गुरुवारी."

"किती दिवस?"

कुलदीप किल्ली घेऊन गाडीत बसला.

सोमवारी भगवंतराव पावणेसहाला कोपऱ्यावर उभे होते. धुतलेलं धोतर, टोपी, हातात रिकामी पिशवी. पिशवी कशासाठी घेतली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. गाडी आली. चौघंही आत होती. ड्रायव्हरच्या मागची खिडकीजवळची जागा मोकळी होती, तिथे आज कोणी बसायचं म्हटलं नव्हतं. भगवंतराव चढले आणि दारातच अडखळले.

"या न भाऊ, बसा," इंदूबाई सरकत म्हणाल्या. मोतीरामांनी त्यांना घरी सगळं सांगितलं होतं की नाही, हे त्यांच्या तोंडावरून कळत नव्हतं. "पाय पसरू नोका मातर. ही बाजू माही आहे, मले ताठ बसवत नाही."

गाडी निघाली. मुर्तिजापूर आलं. गाव मागे पडलं तसे गाडीतले सगळे एकेक करून पुढे झुकले. आधी भगवंतरावांना कारण कळलं नाही. मग दिसलं. चारही आजारी माणसं ड्रायव्हरच्या खांद्यावरून गरमीचा काटा पाहत होती. काटा मधोमध होता. धाबा आला. कुलदीपनं गाडी हळू केली, थांबवली नाही. एक जण बाहेर खाटा टाकत होता, त्यानं गाडी ओळखली आणि हात कपाळाला लावला.

इंदूबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"मैनाबाई इथून पुढं अकोल्यालोक म्हणत जाय काही ना काही," त्या म्हणाल्या. "आमाले त्यातलं काही येत नाही, आमी ऐको. रस्ता कटून जाय. तुमी त चाळीस वर्षं उभे राह्यले कीर्तनात, भाऊ. तुमी म्हणा न काहीतरी."

भगवंतरावांनी तोंड उघडलं. चाळीस वर्षं जे घशातून आपोआप येत होतं, त्यासाठी त्यांनी श्वास घेतला, हात टाळ धरल्यासारखे मांडीवरून उचलले गेले, आणि तसेच राहिले.

इंदूबाई वाट पाहत होत्या. मागचे तिघंही कान देऊन होते.

"राहू द्या, इंदूकाकू," कुलदीप रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाला. "त्यायले नुसतं बसू द्या."

गाडी अकोल्याकडे जात राहिली. हे गेल्या वर्षीचं. आजही सोमवारी आणि गुरुवारी भगवंतराव त्या जागेवर बसून जातात आणि येतात. कुलदीपनं अजून पुरे म्हटलेलं नाही, आणि त्यांनीही विचारलेलं नाही.

माझं मागणं आता ऐका. भगवंतरावांसाठी मी काही मागत नाही, त्यांचं ते भोगत आहेत. पण बशीतला दोन घोट चहा पुरवून पिणारी, गाडीत चार जिवांना रस्ता विसरायला लावणारी मैनाबाई नावाची एक बाई होती. तिचा फोटो कुठल्या देवळात लागणार नाही. कधी मुर्तिजापूरच्या पुढे त्या रस्त्यानं गेलात, तर तेवढं अंतर तिचं नाव मनात धरा.